राजीखुशीनं

शंभू आणि श्रीनाथ हे बेंबळीचे सख्खे भाऊ. बाप हिंमतराव गेल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. वाटणीचा दावा धाराशिवच्या कोर्टात इतकी वर्षं पडून होता की दोघांच्या पोरांनाही एव्हाना एकमेकांना शिव्या देता यायला लागल्या होत्या. शेवटी न्यायाधीशांनी प्रकरण मध्यस्थीला पाठवलं आणि ते अश्लेषाच्या टेबलावर आलं.

अश्लेषा तुळजापूरच्या एका मास्तरांची मुलगी. वकील, शिवाय रीतसर प्रशिक्षण घेतलेली मध्यस्थ. माणूस काय मागतो ते सोडा, का मागतो ते शोधा, असं ती नव्या मध्यस्थांना शिकवायची, आणि स्वतः तसं वागायचीही. पण ‘मिटलं’ या शब्दाची एक नशा असते. ती भल्याभल्यांना चढते, अश्लेषालाही चढायची.

दोघा भावांना जमीन हवी होतीच, पण खरा जीव अडकला होता पाण्यात. विहीर एकच. तिला लागून असलेला तुकडा कसत होती त्यांची थोरली बहीण विठाबाई. नवऱ्यानं टाकल्यावर ती तेरच्या सासरहून माहेरी आली, तेव्हा हिंमतरावांनी तिला तो तोंडी दिला होता. तिथंच तिची पत्र्याची खोली, शेळ्या, थोडी तूर, बांधाला शेवगा. दाव्यात तीही पक्षकार होती, पण हे तिला सोडून बाकी सगळे विसरले होते.

अश्लेषाला मार्ग दिसला. हा तुकडा मधोमध वाटला की विहीर दोघांच्या हद्दीवर येते आणि भांडणाचं मूळच जातं. फक्त विठाबाईनं हक्क सोडायला हवा.

आपल्याकडे बहिणीनं हक्क सोडणं याला कुणी त्याग वगैरे म्हणत नाही, ती रीत आहे. बहीण सही करते, भाऊ साडीचोळी करतात, आणि माहेर शाबूत राहिलं म्हणून सगळे माना डोलावतात. जी सोडत नाही, तिला दिवाळीला आणायला कुणी जात नाही.

मध्यस्थीत प्रत्येकाशी एकट्यानं बोलायची पद्धत असते. तिथं सांगितलेलं त्या माणसाच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. अश्लेषानं दार लावून घेतलं आणि हे विठाबाईला समजावून सांगितलं.

“म्हंजी कुनालाच न्हाय सांगनार?”

“कुणालाच नाही, मावशी. जजसाहेबांनाही नाही. शब्द देते.”

मग विठाबाई बोलली. “मला त्यो तुकडा सोडायचा न्हाय, बाई. त्यो हाय म्हनून माजी चूल येगळी हाय. चूल येगळी हाय म्हनून भावजया नीट बोलतेत. उद्या त्यांच्या वसरीत बसून भाकरीची वाट बगाय लागंल मला.”

“मग हे आपण भावांना सांगू. मी सांगते.”

“नगं! आन हाय तुमाला. इतक्या वर्सांनी दोगं एका जागी बसायलेत. त्यात म्या आडवी आले असं व्हाय नगं. म्या करते सही.”

“निदान खोली मरेपर्यंत तुमची, एवढं तरी लिहून घेऊ.”

“भावाच्या दारात ऱ्हायला कागद? लोक काय म्हनतील माज्या भावांना?”

इथं थांबायला हवं होतं. मध्यस्थी जमली नाही, एवढंच कोर्टाला कळवायचं. कारण द्यावंच लागत नाही. अश्लेषाला हे पक्कं ठाऊक होतं. पण खिडकीतून बाहेर दिसत होतं, शंभू तंबाखू मळत होता आणि त्यातली चिमूट श्रीनाथ त्याच्याच तळहातावरून उचलत होता. ते बघून पुढं तिच्यानं मोडवेना. म्हणजे आपण असं म्हणायचं. खरं तर तिला ते मिटवायचं होतं.

सगळ्यांना आत बोलावल्यावर तिनं विठाबाईला विचारलं, “मावशी, राजीखुशीनं सोडताय ना?” थोडं थांबून पुन्हा विचारलं.

“व्हय. राजीखुशीनं.”

भाऊ रडले. खरंच रडले, त्यात नाटक नव्हतं. श्रीनाथनं आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं, शंभूनं बाजारातून भारीतली साडी आणली. कोर्टाच्या आवारात पेढे वाटले गेले आणि सहकारी वकिलांनी अश्लेषाचं तोंडभरून कौतुक केलं.

वर्ष उलटून गेलं. एका दुपारी तिघंही अश्लेषाच्या ऑफिसात आले. विठाबाई वाळली होती. पत्र्याची खोली पाडून तिथून पाइपलाइन गेली होती. आक्काला दोघं आलटून पालटून ठेवत होते, पण बायकांचं जमत नव्हतं.

“लातूरकडं एक वृद्धाश्रम हाय,” शंभू म्हणाला. “घरच्यांची संमती लिहून आना म्हनतेत. तुमच्या हातचा कागद पक्का असतोय, मॅडम.”

“पण तुमच्यात वाद काय आहे?” अश्लेषानं सवयीनं विचारलं.

“वाद न्हायच की!” श्रीनाथ अगदी मोकळेपणानं हसला. “तुमच्या किरपेनं आता आमचं समद्यात एकमत असतंय.”

अश्लेषाचं डोकं भडकलं. दोघांना तिनं बाहेर बसवलं आणि दार लावलं.

“मावशी, दावा पुन्हा उघडता येईल. मनाविरुद्ध सही केली, असं कोर्टात सांगा. मी वकील देते गाठून.”

ही बाई याही वेळी भावांचीच बाजू घेणार, असं तिला वाटलं होतं. पण विठाबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, “सांगते. आता काय ऱ्हायलंय जपायला?” मग ती विचारात पडली. “पर मागं म्याच व्हय म्हनले. आता न्हाय म्हनल्यावर माजं कोन खरं मानंल?”

“कुणाला बोलला होतात का तेव्हा? शेजारीपाजारी, एखादी मैत्रीण?”

“न्हाय. फकस्त तुमाला.” तिचा चेहरा एकदम उजळला. “तुमी सांगा की जजला! तुमचं तर मानतील.”

मध्यस्थाला साक्ष देता येत नाही. बंद दाराआड जे ऐकलं ते, बोलणाऱ्यानं स्वतः परवानगी दिली तरी, कोर्टात उघड करता येत नाही, कायदाच तसा आहे. हे अश्लेषानं कसंबसं सांगितलं. सांगताना आपलाच आवाज तिला परका आणि घाणेरडा वाटला.

“व्हय की,” विठाबाई म्हणाली. “तुमी शब्द दिला व्हता.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाहेरून शंभूनं हाक मारली, “आक्का, आटप. गाडी जाईल.”

कागद अश्लेषानं लिहून दिला नाही. तो समोरच्या ऑफिसातल्या वकिलानं दिला, आणि त्याच संध्याकाळी विठाबाई लातूरच्या एसटीत बसली. तिला सोडायला दोघं भाऊ बरोबर गेले.