न धुतलेलं पिंप

मी एक जुनं पिंप आहे, आणि मित्रांनो, जन्मात एकदाही मला आतून कोणी धुतलेलं नाही. नाक मुरडू नका. न धुतल्यामुळेच तर माझं आयुष्य सांगण्याजोगं झालं.

इटलीत, तोस्कानातल्या ला फ्रुल्लाना या द्राक्षमळ्यावर, मालकीण एर्सिलिया हिच्या आजेसासऱ्यांनी मला बनवून घेतलं. चेस्टनटच्या फळ्या, लोखंडी कड्या आणि लहानसं पोट. मळ्यातली लाल वाइन तळघराच्या गारव्यात, मोठमोठ्या पिंपांत राहते. आम्हा छोट्यांची जागा माळ्यावर, कौलांखाली. उन्हाळ्यात भाजून निघायचं आणि हिवाळ्यात कुडकुडायचं, हीच आमची नोकरी. तुळयांना टांगून सुकवलेल्या द्राक्षांचा गोड रस आमच्यात भरतात, बूच ठोकतात, वर लाख ओततात आणि वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. त्याची होते विन सांतो. ती घरी आलेल्या माणसाला मानाने देतात.

ही वाइन काढली तरी तळाशी काकवीसारखा दाट गाळ उरतो. त्याला इथे ‘आई’ म्हणतात. तुमच्या घरच्या विरजणासारखी ती असते. तिच्यावरच नवा रस ओततात. आमची आई आजेसासऱ्यांच्या काळापासून चालत आली होती.

एर्सिलियाला नात झाली, नोएमी. तिच्या नावाने मला भरलं आणि ठरलं, तिच्या लग्नातच उघडायचं. पुढच्याच वर्षी बाकीची पिंपं रिकामी झाली. तेवढ्यात पाय मोडून एर्सिलिया दवाखान्यात गेली. तिची सून ओर्नेला कामाला वाघीण. तिच्या माहेरी फक्त लाल वाइन व्हायची, आणि लाल वाइनचं पिंप रिकामं झालं की धुवायचंच असतं. तिने माळ्यावरची सगळी पिंपं गरम पाण्याने खळखळून धुतली. मी भरलेलं होतं, म्हणून तेवढा माझा बचाव झाला.

एर्सिलिया कुबडी टेकत वर आली आणि थबकली. “अगं, माळ्याचा वास कुठे गेला?”

“सगळं लख्ख केलंय, सासूबाई!”

एर्सिलिया पायरीवरच बसली. “लख्ख केलंस, बाई. चार पिढ्यांना आंघोळ घातलीस.”

कळल्यावर ओर्नेला ढसाढसा रडली. मला पाहून म्हणाली, “हे उघडूया ना! यात तरी आई असेल.”

“ते नोएमीचं आहे. लग्नाआधी नाही.”

“आणि तोवर आतली आई मेली तर?”

“मग लग्नात कळेल. तोवर रड, नाहीतर द्राक्षं टांग.”

ओर्नेलाने द्राक्षं टांगली. दर वर्षी टांगली. पण त्या पिंपांतली वाइन नुसतीच गोड व्हायची. शेजारचा ओरेस्ते पेला हुंगून विचारायचा, “खोकल्यावर घेऊ का ही?” ओर्नेला मान खाली घालायची. मग वर येऊन माझ्या कड्यांचा गंज पुसायची, पण बुचाला बोटही लावत नसे. आत काय चाललंय, ते मलाही ठाऊक नव्हतं. पिंपाला कुठली चव? दर वर्षी थोडं हलकं वाटायचं आणि धास्ती बसायची.

लग्नाच्या सकाळी थकलेल्या एर्सिलियाला मुलाने खुर्चीसकट वर आणलं. ओर्नेलाने लाख फोडली. निम्मी वाइन हवेत उडून गेली होती, पण उरलेलीचा अक्रोडाचा आणि सुक्या अंजिरांचा वास माळाभर पसरला. ती काढून घेतल्यावर एर्सिलियाने तळाच्या गाळात बोट बुडवून चाखलं. तिचे डोळे भरून आले. तिने पळी सुनेपुढे धरली.

“बाकीच्या पिंपांत तू वाढ.”

“मी? सासूबाई, माझ्याच हातून तर...”

“तुझ्या हातून गेली, तुझ्याच हातून परत येऊ दे. आणि ऐक, ती पळी धुवू नकोस.”

ओर्नेला रडता रडता हसली. त्या माळ्यावर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता सगळ्या पिंपांत आई आहे. माझी एक फळी तडकली आहे, तरी थोडी आई ओर्नेलाने माझ्याकडेही ठेवली. मित्रांनो, मला जपायचं असेल तर कड्या पुसा, वरची कौलं चाळा. पण धुवायला घेण्याआधी घरात एकदा विचारा. आत कोणीतरी राहतं.