दीड वेढ्याने आखूड

मित्रांनो, मी एका मोटारीची जुनी स्प्रिंग आहे. शिरूरमधल्या रस्त्याकडेच्या एका गॅरेजात, भिंतीवरच्या खिळ्याला मी टांगलेली असते. माझ्याशेजारी तुटलेल्या दोराचा एक तुकडा लोंबतो. नवे गिऱ्हाईक आम्हा दोघांकडे बोट दाखवून विचारते, "हे काय लावलंय?" तेव्हा उत्तर देण्याआधी गॅरेजचा मालक महेंद्र आपल्या उजव्या कानाला हात लावतो. 

त्या कानाची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म पोलादाच्या सळीतून झाला. भट्टीत लाल करून मला गुंडाळले, तेलात बुडवून कठीण केले आणि पुन्हा बेताच्या आचेवर ठेवून माझा ठिसूळपणा काढला. माझ्याबरोबर माझी जुळी बहीणही घडली. एका लहान मोटारीच्या पुढच्या दोन चाकांवर आम्हा दोघींना बसवले. माझ्या पोटातून शॉकअब्सॉर्बरचा दांडा गेला, डोक्यावर नट आवळला गेला आणि दबून राहणे हेच माझे जगणे झाले. हे नीट ध्यानात घ्या. गाडीतली स्प्रिंग कधीही पूर्ण मोकळी नसते. चाक हवेत लटकले, तरी ती थोडी दबलेलीच असते. त्या दाबामुळेच ती आपल्या जागी राहते. तोच दाब एकाएकी सुटला, तर समोर लोखंड आहे की माणसाचे तोंड आहे, हे ती पाहत नाही. म्हणून मी आयुष्यभर स्वतःलाच भीत आले.

दोन मालक करून आमची गाडी दौंड तालुक्यातल्या खुटबावला सत्यजीतच्या दारात आली. तो सणसवाडीच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याची आई मुक्ताबाई दर शनिवारी गाडीच्या पुढच्या बंपरला वीतभर काळ्या दोऱ्याने लिंबू-मिरची बांधत असे. खड्ड्यांतून गाडी गेली की ती म्हणे, "पोटातलं पानी हालत न्हाई बघ." ती स्तुती आम्हा बहिणींची होती, हे तिला ठाऊक नव्हते. आम्हाला मात्र ती पुरत असे.

मग कारखान्याच्या फाटकावर सत्यजीतला मित्रांचे टोमणे बसू लागले.

"सत्या, गाडी हाय का उंट? चढाय शिडी लावतो व्हय?"

खुटबावात दसऱ्याला साऱ्या गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून देवळापुढे रांगेने उभ्या करतात. त्या रांगेत आपली गाडी रुबाबात, खाली बसलेली दिसावी, असे सत्यजीतच्या मनाने घेतले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो आम्हाला शिरूरला घेऊन आला; मुक्ताबाईही सोबत आली आणि झेंडू घ्यायला बाजारात उतरली.

महेंद्र म्हणाला, "ह्या गाडीला आखूड स्प्रिंगांची जोडी मिळती, गाडी खाली बसती तिनं. पर पगार हुईस्तवर थांबावं लागंल तुला."

"दसरा थांबतो व्हय, मामा? हायेत त्याच कापा की."

"कापाय आधी काढाय लागत्यात. आन् दाबायचा कॉम्प्रेसर मोडलाय माझा."

सत्यजीतने डिकीतून एक जाड दोर काढला. "ह्यानं बांधा. उसाची भरलेली ट्रॉली बांधतो आमी ह्यानं. एवढीशी स्प्रिंग काय तोडती ह्याला!"

मित्रांनो, ज्याच्या हातून उसाच्या ट्रॉल्या बांधल्या गेल्या आहेत, तोच ही चूक करू शकतो. ऊस आपल्या वजनाने रेटतो, पण झेप घेत नाही. मी झेप घेते.

गाडीच्या वजनाखाली दबलेले असतानाच दोराने आमचे वेढे आवळले. मग चाके उचलून प्रथम बहिणीला बाहेर काढले. दोर टिकला. "बगा, म्हनलं नव्हतं?" सत्यजीत हसला. दोर टिकला नसता, तर बरे झाले असते. निदान माझ्या वेळी दोघे सावध राहिले असते.

माझी पाळी आली. महेंद्र माझ्यावर वाकून नट सोडवू लागला. त्याचा श्वास मला लागत होता. दोराचा पीळ माझ्या वेढ्यावर कातरला जात होता. एक धागा तुटला. मग दुसरा. मला ओरडता येत नाही. माझी भाषा म्हणजे कुरकुर, आणि तीही गाडी चालू असली तरच. मी जिवाच्या आकांताने आखडून राहिले, पण पोलादाला हट्ट नसतो. त्याला फक्त ताण असतो.

तेवढ्यात सत्यजीतचा फोन वाजला. "मामा, आई इचारती, अजून किती येळ? फुलं घिऊन स्टँडवर उभी हाय."

उत्तर देण्यासाठी महेंद्रने मान वळवली. त्याच क्षणी दोर तुटला.

मी त्याच्या कानाला चाटून गेले आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून खाली पडले.  मग, मित्रांनो, ते दोघे हसले. भ्यालेली माणसे कधीकधी हसतात. कानावर फडके धरून महेंद्र म्हणाला, "निघाली ना भाईर? झालं तर मग." आणि ग्राइंडर सुरू झाला. आम्हा दोघींचा दीड-दीड वेढा ठिणग्यांत गेला. परत बसवताना आम्हाला दाबावेही लागले नाही. महेंद्रला ते सोयीचे वाटले. मला मात्र पहिल्यांदाच मोकळे वाटले, आणि त्या मोकळेपणाने मी गारठले.

स्टँडवर मुक्ताबाई झेंडूची पिशवी घेऊन गाडीत बसली. "का रं, गाडी खाली का बसली?"

"स्टाईल हाय आई."

"आन् लिंबू रस्त्याला घासतंय, ती कसली स्टाईल?"

परतीच्या वाटेवर न्हावऱ्याच्या अलीकडच्या गतिरोधकावर आधी ते लिंबू तुटून गेले. मग गाडी उसळली. चाक लटकले, माझ्यावरचा दाब संपला आणि मी जागा सोडली. खाली आले ती तिरकी. माझे कापलेले टोक टायरमध्ये रुतले. गाडी उजवीकडे ओढली गेली. समोरून गुऱ्हाळाकडे निघालेली उसाची ट्रॉली येत होती. सत्यजीतने सारे बळ एकवटून स्टिअरिंग उलटे ओढले. उसाच्या शेंड्यांची वाढी काचेवर सपासप घासत गेली आणि गाडी डावीकडच्या वेड्या बाभळींत शिरून थांबली.

झेंडू सगळ्या गाडीभर सांडला होता. मागच्या सीटवरून मुक्ताबाईचा आवाज आला, "सत्या, हात दाव तुझं."

त्याने दाखवले.  तिने ते आपल्या हातांत धरले. 

"दसरा दर साली येतो, बाळा," ती म्हणाली. "तू येकदाच आलाइस."

त्या दसऱ्याला देवळापुढच्या रांगेत आमची गाडी नव्हती. ती महेंद्रच्या दारात विटांवर उभी होती. पगार झाल्यावर सत्यजीतने आमच्याच मॉडेलच्या गाडीसाठी बनवलेली आखूड आणि जास्त ताठ जोडी आणली. सणसवाडीच्या एका सोबत्याने ती थोडीच वापरली होती, म्हणून स्वस्तात पडली. महेंद्रने कॉम्प्रेसर मागून आणला आणि चाक पूर्ण लटकवून स्प्रिंग घट्ट राहते, याची खात्री केली. चार माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवले, टायर कुठे घासत नाही ना ते पाहिले, मग चाकांची अलाइनमेंट केली. शेवटी मुक्ताबाईने पूर्वीसारख्याच वीतभर दोऱ्याने लिंबू बांधले आणि म्हणाली, "ह्ये लिंबू शाबूत ऱ्हाईल, तेवढीच खाली असू द्या."

गाडी किंचितच खाली आली. पुढच्या शनिवारी ती गॅरेजात आली, तेव्हा ते लिंबू वाळले होते, पण अखंड होते. माझी बहीण भंगारात गेली. मला महेंद्रने खिळ्याला लावले.

ग्राइंडर सुरू झाला की मी अजूनही भिंतीवर थरथरते. मित्रांनो, गाडी हौसेने सजवा. पण जे दबलेले आहे, त्यापुढे तोंड नेऊ नका, आणि जोडी मिळेपर्यंत थांबता येत नसेल, तर गाडी आहे तशी राहू द्या. एखादे गिऱ्हाईक घाई करू लागले की महेंद्र कानावरचा हात काढतो, पत्र्यातून उन्हाचा कवडसा येतो त्या भोकाकडे बोट करतो आणि एवढेच म्हणतो, "त्या वाटंत माझं डोस्कं हुतं."