न विचारता घेतलेली किल्ली

आमच्या गल्लीत घराला कुलूप लावलं की किल्ली खिशात ठेवायची पद्धत नाही. ती शिलाईवाल्या ताईच्या दुकानात, मशीनमागच्या खिळ्यावर जाते. कोणाचा नळ चालू राहिलाय, कोणाची आई आत एकटी आहे. जो मोकळा असेल तो ताईला सांगून किल्ली घेतो आणि धावतो. नवे भाडेकरू आधी आम्हाला हसतात. मग गुपचूप त्यांचीही किल्ली तिथे येऊन लटकते.

याच खिळ्यावरून माझी किल्ली काढून ताईच्या धाकट्या भावाने, लंबूने, माझं घर साफ केलं होतं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची घड्याळंसुद्धा मेल्याने सोडली नाहीत. तो पकडला गेला, तुरुंगात गेला. ताई रडत रडत सगळ्यांच्या किल्ल्या परत द्यायला निघाली, तेव्हा मीच तिच्यावर खेकसलो, "चोरी त्याने केली, तू कशाला शिक्षा भोगतेस?" एकही किल्ली हलली नाही. माझ्या नाकावर राग असतो हे सगळे जाणतात, पण या गल्लीचा अभिमान मला रागाहून जास्त आहे.

लंबू मुदतीआधी सुटून आला. अट अशी, की कोणाची एक तक्रार आली तरी परत आत. तो ताईच्या दुकानात काजं-बटणं करायला बसला, तेही किल्ल्यांकडे पाठ करून. माझ्याशी बोलायची त्याची हिंमत नव्हती, आणि मीही काही त्याच्या गळ्यात पडलो नाही.

एका दुपारी आरडाओरडा ऐकून मी माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाबाहेर आलो. हेडबाई, म्हणजे आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका, बाजारात गेल्या होत्या. त्यांचं दार सताड उघडं. दारात नव्या हवालदाराने लंबूची कॉलर धरलेली, आणि लंबूच्या हातात बाईंची इस्त्री, वायर खाली लोंबतेय.

मला वाटलं, पुन्हा? पण तोंड डोक्याच्या आधी धावलं.

"मी पाठवलंय त्याला!"

"मी पाठवलंय!" त्याच क्षणी समोरचा सलूनवाला ओरडला. गिऱ्हाइकाला अर्धी दाढी झालेली असताना सोडून आला होता.

"अहो, मी सांगितलं त्याला," वरच्या गॅलरीतून नर्सवहिनी म्हणाल्या.

हवालदाराने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तिघांनी मिळून एक इस्त्री मागवली? आणि काका, तुम्ही तर घड्याळवाले ना?"

"मला कपड्यांना करायची होती," मी म्हणालो. माझ्या अंगावरचा चुरगळलेला शर्ट पाहून शेंबड्या पोराचाही विश्वास बसला नसता.

"काका, नको," लंबू म्हणाला. "माझ्यासाठी खोटं नका बोलू." मग तो हवालदाराकडे वळला. "साहेब, मला कोणीच पाठवलं नाही. बाईंच्या खिडकीतून धूर येत होता. ताई मापं घ्यायला गेलीय. मी न विचारता किल्ली काढली. इस्त्री चालू राहिली होती, टेबल पेटलं होतं. विझवलं. ही तापलेली होती म्हणून बाहेर आणली."

हवालदार आत डोकावला. टेबल काळं ठिक्कर, फरशीभर पाणी.

"आग असेल रे खरी. पण मागच्या वेळीही तू न विचारताच घुसला होतास ना? बाई येऊ दे. त्यांनी तक्रार केली तर नेतो."

गप्प बसला असता तर आमच्या थापांवर कदाचित सुटला असता. आम्हाला खोटं पाडून तो स्वतःहून अडकला. माझंच घर लुटणारा हा पोरगा, आणि त्याच्यासाठी माझी छाती फुगली. खरंच सांगतो, फुगली.

तेवढ्यात हेडबाई आल्या. हवालदाराने सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही याला घरात जायला सांगितलं होतं का?"

सख्ख्या भाच्याला नापास करणारी ही बाई. ती आमच्यासारखी थाप मारणार नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

लंबूने मान खाली घातली.

"आमच्या गल्लीत सांगावं लागत नाही," हेडबाई म्हणाल्या. "घर पेटताना दिसलं की माणसं धावतात. तुम्ही आधी त्याची कॉलर सोडा. आमच्या मुलाला असं धरायचं नाही."

हवालदाराने कॉलर सोडली. मी पुढे होऊन लंबूच्या हातातून इस्त्री घेतली आणि त्याची चुरगळलेली कॉलर नीट केली.