दोन बोटं सुती दोरा

केतन दोरी घेऊन आला तो असा छाती काढून, जणू काशीमीऱ्याच्या दुकानातून सोनंच आणलंय. ट्रकची ताडपत्री आवळायची पीळदार नायलॉन, बारीक पण पोलादासारखी. आल्या आल्या अंगणातल्या आंब्याला बांधून स्वतः लटकून दाखवलं. "बघ गिरिजा, हत्ती लटकला तरी तुटायची नाही!"

नेमकं तेच गिरिजाला नको होतं.

भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. सळई घासून मासे मारायचा भाला केला, सायकलच्या ट्यूबचं रबर लावून भाला सोडायची बंदूक केली, इथवर ठीक. पण महिन्याभरात दोन भाले समुद्रात गेले, तेव्हा याला सुचलं काय, तर दोरीचं एक टोक भाल्याला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला! आता काय बोलावं?

गिरिजा उत्तनची, धाकू जाळेवाल्याची लेक. जाळ्याच्या तळाला दगड बांधायचा तो कुजकट काथ्यानेच, हे ती परकरात असल्यापासून बघत आलेली. दगड कपारीत अडकला तर काथ्या तुटावा, दगड जावा, जाळं वर यावं.

"अहो, मधे कुठे तरी कच्चा जोड ठेवा," ती म्हणाली.

"मी काय जाळं आहे?" केतन हसला. "एवढी पक्की दोरी आणायची आणि तिला कच्चा जोड?"

तिने समजावलं, भांडली, दोन दिवस अबोला धरला. ढिम्म! शेवटी शनिवारी तो जेवत असताना तिने मनगटाच्या फासाजवळ दोरी कापली आणि दोन बोटं सुती दोरा जोडला. तसाच दोरा आधी भरल्या बादलीला बांधून पाहिलेला. बादली उचलली तर टिकला, हिसका दिला तर तुटला. जोडावर काळी टेप गुंडाळली आणि गुपचूप भाकऱ्या थापायला बसली. मोठा मासा लागला आणि दोरा तुटला तर हा आपल्याला जन्मभर ऐकवणार, हे तिला ठाऊक होतं. ऐकवू दे मेला.

रविवारी भांगाची, कमी ओढीची भरती, पाणी नितळ. धाकूच्या होडीतून तिघं खडकापाशी गेले. पाणी चार वाव, म्हणजे चार पुरुष खोल; दोरी दोन वाव, त्याच्या निम्मी. केतनने दम भरला आणि बुडी मारली.

गिरिजा आकडे मोजू लागली. त्याचा दम शंभरपर्यंतचा. ऐंशी झाले. शंभर झाले. एकशेदहा. धाकूने विडी पाण्यात टाकली आणि सदरा काढायला घेतला. "जावय अजून न्हाय आला गो," तो पुटपुटला. गिरिजा काठावरून वाकून पाण्यात बघू लागली. देवा एकवीरे, दोरा जास्तच पक्का तर नाही ना लागला?

तेवढ्यात पाणी फुटलं. केतन वर आला, जांभळा पडलेला, खोकत, ओकत. बापलेकीने बखोटीला धरून त्याला होडीत ओढलं.

दम येताच पठ्ठ्या काय म्हणाला असेल? "फसवलं त्या दुकानदाराने! एवढी मोठी घोळ मासळी होती! कपारीत घुसली, भाला अडकला, मी मनगटाने खालीच जखडलेला. हात सुटेना, सुरी सापडेना, डोळ्यांपुढे अंधारी आली. जीव खाऊन हिसका दिला आणि दोरी तुटली! सोडत नाही त्याला!"

"तुटली नसती तर?" गिरिजाने विचारलं.

केतनने मनगटाकडे पाहिलं. काळी टेप सुटून लोंबत होती आणि तिच्यातून पांढऱ्या सुताचे चार धागे बाहेर आले होते. त्याने ते धागे चिमटीत धरले.

"तू?"

"मीच. आता ओरडा काय ते."

"भाला गेला, गिरिजा," तो एवढंच म्हणाला.

"जाऊ दे!" तिने त्याच्या ओल्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. आणि मग किनारा लागेपर्यंत तो हात तिला पाठीवरून उचलवेना.