अण्णांचे पान आणि पेटीतला मी

मी एक जुना सापळा आहे. उंदरांचा. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. माझी स्प्रिंग गंजली आहे, कण्हत कण्हत ताणली जाते. इतरांना अडकवणे हे माझे काम, पण जन्मभर अडकून पडलो आहे तो मीच. पाखरांचे पाय माझ्यात सापडू नयेत म्हणून मला एका लाकडी पेटीत बसवले आहे. पेटीला उंदराच्या मापाचे एक भोक आहे. तीच माझी खिडकी.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात आमच्या रस्त्यावरच्या लोकांचा एक गट आहे. शेजारच्या मार्गरेटबाईंच्या शेडमध्ये त्यांनी कुंपणाच्या उरलेल्या फळ्या ठोकून माझी पेटी बनवली. या देशात पूर्वी उंदीर नव्हते, ते जहाजांतून आले. इथल्या पाखरांना त्यांच्यापासून स्वतःला जपायचे कसे ते ठाऊकच नाही. म्हणून घरोघरी सापळे. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. मग घरमालक बदलले आणि मी पानांच्या ढिगाखाली विसरला गेलो. कुणी झाकण उघडून पाहीना.

पुढे त्या घरात प्रमोद, अनुराधा आणि त्यांची मुलगी इरा राहायला आली. मार्गरेटबाई "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करत आल्या, मला शोधून काढले आणि पीनट बटर कसे लावायचे ते दाखवले. बाहेर दुसरे खाणे ठेवू नका, पोट भरलेला उंदीर सापळ्याकडे फिरकत नाही, असे बजावून गेल्या. कुंपणालगतच्या झुडपात पिवाकावाकाच्या जोडीने घरटे बांधले होते. शेपटीचा पंखा उघडून नाचणारे ते चिमुकले पाखरू. इरा रोज उड्या मारून घरट्यात डोकावायची. अंडी फुटली, पिल्ले चिवचिवू लागली. तेव्हा मला वाटले, आता खरे काम आले.

त्यातच पितृपक्ष आला. प्रमोदचे वडील, अण्णा, त्याच वर्षी पुण्यात वारले होते. तिकीट मिळेपर्यंत सगळे उरकले होते. ती चुटपुट प्रमोदच्या मनातून जात नव्हती. अनुराधाने वडे केले, खीर केली, आणि प्रमोदने अण्णांचे पान कुंपणाच्या कठड्यावर ठेवले. पण इथे कावळा कुठला? प्रमोद ताटकळत उभा राहिला. शेवटी पान तसेच ठेवून आत गेला.

सकाळी ताटली चाटूनपुसून स्वच्छ होती. प्रमोदचे डोळे भरून आले. तो अनुराधाला म्हणाला, "अण्णा जेवून गेले गं."

मग रोज संध्याकाळी पान. मार्गरेटबाईंचे बोलणे दोघांनाही पाठ होते, पण अण्णांचे पान म्हणजे बाहेर ठेवलेले खाणे, असे कुणाच्या मनातही आले नाही. मला मात्र भोकातून त्या जेवणाऱ्याची लांब शेपटी दिसत होती. वडे खाऊन सुस्तावलेला तो माझ्यासमोरून जाई आणि माझ्या पीनट बटरचा वाससुद्धा घेत नसे. ओरडावे तर तोंड नाही, धावावे तर पाय नाहीत. मित्रांनो, असे अडकणे वाईट.

एका सकाळी झुडपातली चिवचिव थांबली. घरटे फाटून लोंबत होते. इरा खूप रडली. मग कठड्यावरची ताटली तिने जवळून पाहिली. कडेला काळ्या लेंड्या होत्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दॅट्स रॅट पू. अण्णा नव्हते."

प्रमोदने ताटली बागेतल्या नळाखाली धरून पुन्हा पुन्हा घासली. त्याच्यावर रागावण्याची माझी हिंमत झाली नाही. त्याचे तर वडील दुसऱ्यांदा गेले होते.

सर्वपित्रीला त्याने पुन्हा पान मांडले, पण या वेळी शेजारी खुर्ची टाकून स्वतः बसला. बसल्या बसल्या पायाशी उगवलेले गवत उपटू लागला. मातीतून चिलटे उडाली आणि ती टिपायला पिवाकावाकाची जोडी खाली उतरली. पार त्याच्या गुडघ्यापर्यंत. प्रमोद श्वास रोखून बघत राहिला. पाखरे गेल्यावर त्याने पानाला नमस्कार केला, ताटली उचलली आणि आत जाऊन तिघांनी ते जेवण वाटून खाल्ले. मग तो परत आला, माझे झाकण उघडले आणि वाळलेले पीनट बटर खरवडून ताजे लावले.

त्यानंतर भुकेला पाहुणा माझ्याकडे आला. खट्. मला आनंद झाला असे म्हणणार नाही. भूक त्यालाही होतीच.

आता ती जोडी कोळ्याची जाळी गोळा करून नवे घरटे विणते आहे. प्रमोद दर रविवारी माझे झाकण उघडतो. मित्रांनो, आपल्या माणसांसाठी पान जरूर मांडा. पण ते उचलेपर्यंत तिथेच बसा. मला इथून सगळे दिसते, फक्त हाक मारता येत नाही.