साखर शोषणारी फीत

शाळेच्या पटांगणात माणसं एकमेकांच्या मानेवर श्वास सोडत उभी होती. तेही ऐन साथीत! मास्क लावलेली मी एकटीच, कारण मी शिंपीण. दिवसाला शंभर मास्क शिवते.

समोर जलबाबा. "भक्तांनो, साखर कशाने वाढते? चिंतेने! ही फीत घट्ट धरा, आतली साखर खेचून वर आणते."

माझा धाकटा भाऊ पुढे सरसावला. माझ्या दुकानासमोर त्याचं सलून, आणि दहा वर्षांचा मधुमेह. त्याने पिवळी फीत मुठीत धरली. बाबांच्या चेल्याने त्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब यंत्राला लावला. तीनशे बेचाळीस! मग बाबांच्या मंतरलेल्या पाण्याने हात धुवून पुन्हा टोचलं. एकशे एकोणचाळीस. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"गोळ्या बंद, मास्क बंद! हे पाणी विषाणूलाही पुरून उरतं," बाबा म्हणाले. आमच्या शहाण्याने गोळ्याही टाकल्या आणि सलूनमध्ये लावायचा तो मास्कही.

आठवड्यात तो तांब्यामागून तांबे पाणी पिऊ लागला. दर पंधरा मिनिटांनी गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून मोरीकडे पळायचा. एकाची अर्धी मिशीच गेली.

"अरे, दवाखान्यात चल!"

"ताई, साखर बाहेर पडतेय. बाबांनी सांगितलंय."

"बाबांचं डोंबल! साथ दारात आहे, तुला काही झालं तर मी काय करू?" मी रडलेच. तो आरशासमोर जाऊन कंगवे पुसू लागला.

आरशावर ती फीत टांगलेली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्यांना कसली आलीय भक्ती? मी फीत झटकून हातात घेतली. कापडातलं मला कळतं. खळ दिलेलं कापड हाताला चिकटत नाही. ही ओल्या बोटाला चिकटत होती. साखरेचा पाक! चाटून खात्री करायचा मोह झाला, पण साथीचे दिवस, म्हणून आवरला.

पुढच्या सभेला भावाला दंडाला धरून नेलं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनाही बोलावलं. त्यांनी आपलं यंत्र आणि नव्या सुया आणल्या.

मला मधुमेह नाही. तरी फीत मुठीत धरून बोट टोचून घेतलं. दोनशे शहाण्णव!

"बघा! हिलाही रोग!" बाबा खूश.

मी नळावर साबणाने हात धुतले, कोरडे केले. चौऱ्याण्णव.

"माझ्या सहवासाने नळसुद्धा पावन झाला!"

"हो का? मग याचे हात तुमच्याच पाण्याने धुवा." मी भावाला पुढे केलं. यावेळी फीत नव्हती. यंत्राने दाखवलं तीनशे एक्काहत्तर.

"श्रद्धा कमी पडली," बाबा पुटपुटले आणि बोलता बोलता गाडीकडे सरकले. ते पसार झाले. फितींचं खोकं मात्र राहिलं.

भावाचा चेहरा उतरला होता. "ताई, मग ते पहिल्या दिवशीचं एकशे एकोणचाळीस?"

"ती तुमच्या गोळ्यांची कमाई," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फितीचा पाक बोटावरून थेंबात गेला म्हणून आधीचा आकडा फुगला. धुतल्यावर खरा दिसला. नेमकं त्यानंतर तुम्ही गोळ्या टाकल्या. वाढलेल्या साखरेत या विषाणूने गाठलं तर आजार जास्त बळावतो. चला, आत्ताच दवाखान्यात."

दोन दिवस सलाईन लागलं. वाचला माझा भाऊ!

त्या साऱ्या फिती मी गरम पाण्यात खळखळून धुतल्या आणि मास्कच्या नाड्या केल्या. पहिला मास्क भावाने बांधला. सलूनच्या दारात आता साबण असतो. तो प्रत्येकाला बजावतो, "आधी हात धुवा. साखर मोजायची असली तरी धुवा, नसली तरी धुवा. ताप आला तर डॉक्टरांना विचारा, पण मनाने गोळी सोडू नका."

आणि माझं एवढंच म्हणणं: चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी एकदा बोटं तपासा. मुंग्यांना कळलं, ते आपल्याला कळू नये?