दुसरा ब्रेक

"जे पीत नाहीत ना, त्यांच्याच गाडीत बाटली राहते," ब्रेकमावशी मला म्हणाल्या होत्या. "पिणारा विसरेल कशाला?"

मला हसू आलं होतं. मला सहावा महिना लागलेला, हातात स्टिअरिंग, आणि शेजारी बसून या बाई दारूच्या गोष्टी सांगतायत!

"मावशी, आमच्याकडे चहासुद्धा अर्धा कप पितात."

"म्हणूनच सांगतेय. एकवीसच्या आतलं पोर एकटं गाडी चालवत असेल आणि गाडीत दारू निघाली, तर कोणाची, सील फोडलंय की नाही, कोणी ऐकून घेत नाही. तोंडाला वास नसला तरी परवाना सहा महिने जप्त. सोबत मोठं माणूस असलं तर बाटली त्याची धरतात, म्हणून सुटका. तुझी नणंद एकोणीसची आहे. चावी लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, डिकी उघडून बघायची. रोज."

"बरं," म्हटलं, आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. तशी मी काळजी करण्यात कोणाला हार जाणार नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते. पण काळजीवाल्यांचंही एक असतं, आपल्या काळज्या आपणच निवडतो. ही माझ्या यादीत नव्हती.

मावशी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकट्या राहतात. सव्वीस वर्षं गाडी शिकवतायत. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक आहे, त्यावरून हे नाव पडलं. मुलंबाळं किती, असं कोणी विचारलं की म्हणतात, "चारेक हजार. सगळी सिग्नलला भेटतात."

सातव्या महिन्यात माझं शिकणं बंद पडलं. नणंद मात्र पहिल्या फटक्यात पास झाली आणि दोन महिन्यांत तिला रक्तपेढीची व्हॅन चालवायची नोकरी लागली. सोमवारपासून रुजू. घरात तिने "सायरन कसा वाजवीन" हे इतक्या वेळा वाजवून दाखवलं की माझं चार महिन्यांचं बाळ तिला बघूनच दचकायला लागलं.

त्या शनिवारी ती आमची गाडी घेऊन परवाना दाखवायला रक्तपेढीत निघाली. वाटेत ओळखपत्रासाठी फोटोही काढायचे होते. ती जाऊन वीस मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ऑफिसातून नवऱ्याचा फोन आला.

"अगं, साहेबांच्या निरोपाची बाटली डिकीतच राहिली. बाबागाडीखाली."

"कसली बाटली?"

"वर्गणी काढून घेतली ना सगळ्यांनी. मी पीत नाही म्हणून सांभाळायला माझ्याकडे दिली."

पुलाआधी नाका आहे आणि शनिवारी तिथे प्रत्येक गाडी उघडून बघतात. नणंदेला फोन लावला. वाजून वाजून थांबला. चालवताना फोनला हात लावायचा नाही, हेही मावशींनीच शिकवलेलं.

बाळाला सासूबाईंकडे दिलं. त्या म्हणाल्या, "आधी चप्पल तरी एका जोडाची घाल." जिन्याखाली आमची बाबागाडी उभी होती, दुलई पांघरून. आता ही इथे कोणी आणून ठेवली, असं म्हणत चडफडत मी तिला वळसा घातला आणि मावशींचं दार बडवलं.

मावशी डोळ्यांवर काळा चष्मा लावून उभ्या. तीन आठवड्यांपूर्वी मोतीबिंदू काढलेला. मी एका दमात सगळं सांगितलं.

"रिक्षा बघते, मावशी, पण तुम्ही नाक्यावरच्या कोणाला ओळखत असाल तर..."

"रिक्षा मिळेपर्यंत पोर नाक्यावर पोचेल." त्यांनी चावी माझ्यापुढे धरली. "शिकाऊ परवाना आहे ना अजून?"

"आहे, गेल्या महिन्यात नवा काढलाय. पण तुम्हाला डॉक्टरांनी..."

"गाडी चालवू नका म्हणाले. शिकवू नका कुठे म्हणाले? बस."

मी बसले. गाडीने आधी दोन बेडूकउड्या मारल्या.

"क्लच आहे तो, विंचू नाही. हळू सोड."

पहिल्या सिग्नलला मी उगाचच थांबले, दुसऱ्याला थांबायचं राहिलं. तेव्हा मावशींच्या पायाने गाडी जागच्या जागी रोवली. मागच्या टेम्पोवाल्याने आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली. मावशींनी काच खाली करून म्हटलं, "तुलाही मीच शिकवलंय रे, विसरलास?" त्याने हॉर्नवरचा हात काढला. मला विचारलं तर, खरंच शिकवलेलं की नाही, त्यांनाही ठाऊक नसावं.

"मावशी, तिची नोकरी गेली तर?"

"आरशात बघ. रडायला पार्किंग लागतं."

तिसऱ्या गिअरला काय झालं कोण जाणे. गाडी एकदम माझं ऐकायला लागली. वळण आलं, मी वळले. भीती होतीच, पण तिच्या शेजारी काहीतरी गुदगुल्याही करत होतं.

फोटोवाला म्हणाला, आत्ताच गेली. पुढे नाक्याची रांग दिसली आणि रांगेच्या तोंडाशी आमची निळी गाडी. हवालदार तिच्या मागे उभा होता. मी कडेला गाडी लावून धावले. दोन वेगळ्या चपलांत.

"थांबा! ती माझी आहे! बाटली माझी आहे!"

हवालदाराने वळून बघितलं. रांगेने बघितलं. डिकी सताड उघडी. आत स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन. बस्स.

"कोणती बाटली, ताई?"

नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "वहिनी, चावी लावायच्या आधी फेरी नको का मारायला? डिकीतून काढली मी सकाळीच. जिन्याखाली बाबागाडीत ठेवलीय, पट्टा लावून. मेसेज केलाय दादाला, बघत नाही तो." मग तिची नजर माझ्या मागे गेली. "गाडी कोणी चालवत आणली?"

"मी."

ती भर नाक्यावर मला मिठी मारून नाचली. हवालदार मावशींना सॅल्यूट ठोकून म्हणाला, "मावशी, तुमची कार्टी अजून अशीच का?" मावशी फक्त म्हणाल्या, "ही जरा उशिरा लागली वळणाला." घरी आलो तर बाबागाडीत ऐवज गळ्यापर्यंत दुलई घेऊन गाढ झोपलेला.

सोमवारी नणंद रुजू झाली. पुढे परीक्षा देऊन माझाही परवाना आला.

मावशींच्या ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्याला मात्र हवं तसं दिसू लागलं नाही. शिकवण्याचा परवाना त्यांनी स्वतःच जाऊन परत केला, गाडी विकली. आता दर पंधरा दिवसांनी मी त्यांना तपासणीला नेते. त्या शेजारी ताठ बसतात, पर्स मांडीवर. सिग्नल जवळ आला की त्यांचा पाय हळूच पुढे सरकतो आणि पायपुसणं दाबून धरतो. तिथे ब्रेक नाही. मी त्याच क्षणी माझा दाबते. गाडी थांबते. "छान," मावशी म्हणतात.

तुम्हाला गाडी कोणी शिकवली? हल्ली कुठे असतं ते माणूस, कसं असतं? आज जरा जाऊन बघून या. निघण्याआधी डिकी तेवढी उघडून बघा.